इंग्रजीचे चार वर्तमानकाळ



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिचे लोण गावोगाव पोचले. अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, ही माझी आजवरची सवय. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानात झाले. तेव्हा चिटणीस मला बोलवायला आले, तेव्हा मी थोडा घाबरलोच.

त्यांनी विचारले, 'विषय काय लिहू?' मी म्हटले, 'वर्तमानकाळ.' त्यांना आनंद झाला. म्हणाले, 'म्हणजे कामगारांची सध्याची परिस्थिती!' मी म्हटले, 'नव्हे, व्याकरणातला वर्तमानकाळ. तोही इंग्रजीचा.' त्यानंतर ते जरा वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी विषय बदलायला सांगितले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी व्याकरणाचा पंडित नव्हे. परंतु या एका विषयाशी माझा तीस-पस्तीस वर्षांचा संबंध आहे, आणि तो हौसेतून आलेला नाही. इंग्रजीचा वर्तमानकाळ न समजल्यामुळे मी एकदा फसलो, आणि तो समजल्यामुळे पुढे काही माणसांच्या उपयोगी पडलो. तेवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम दोन वाक्ये ऐका. एखाद्या गिरणीच्या फाटकावर फळा आहे अशी कल्पना करा. फळ्यावर लिहिले आहे, 'द मिल क्लोजेस ऑन संडे.' दुसऱ्या दिवशी तिथेच लिहिले आहे, 'द मिल इज क्लोजिंग ऑन संडे.' ज्याला नुसते शब्द कळतात त्याला दोन्ही वाक्ये सारखीच वाटतील. मिल, बंद, रविवार. परंतु पहिल्या वाक्याचा अर्थ असा की, दर रविवारी गिरणी बंद असते. कामगाराला सुट्टी आहे. दुसऱ्याचा अर्थ असा की, या येत्या रविवारी गिरणी बंद होत आहे. सोमवारी काय, ते ठाऊक नाही.

पहिले वाक्य आम्हाला फुकट मिळालेले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. 'क्लोजेस' या क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरामागे एवढी खटपट आहे. दुसरे वाक्य आमच्या पिढीने पाहिले. माझा जन्म लालबागचा. वडील एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. भोंगा वाजेनासा झाला की चाळीतली सकाळ कशी होते, हे मला अजून आठवते. पुढे वडील आम्हाला घेऊन सातारा जिल्ह्यात गावी परतले आणि माझी शाळा सुटली.

सतराव्या वर्षी मी एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराचा हेल्पर म्हणून लागलो. चार वर्षे काम केले. १९९१ साली एका दुपारी कंत्राटदाराच्या कारकुनाने मला बोलावले आणि सांगितले, 'तुझे काम संपले. हिशेब शनिवारी मिळेल. आज इथे सही कर.' कागदावर एकच ओळ इंग्रजीत टंकलेली होती : 'आय हॅव रिसीव्ह्ड ऑल माय ड्यूज.'

मला अक्षरे वाचता येत होती. शब्दांचे अर्थही थोडेफार येत होते. 'रिसीव्ह' म्हणजे मिळणे, 'ड्यूज' म्हणजे येणे बाकी. राहता राहिले 'हॅव'. शाळेत मी शिकलो होतो, 'आय हॅव अ बुक', माझ्याजवळ पुस्तक आहे. म्हणजे 'हॅव' म्हणजे 'आहे'. सगळे जुळवून मी अर्थ लावला, 'मला माझे सगळे येणे मिळायचे आहे.' मनात म्हटले, बरे झाले, यांनी लिहून तरी घेतले! आणि समाधानाने सही ठोकली.

शनिवारी गेलो. कारकून म्हणाला, 'कसले पैसे? सगळे मिळाले असे तूच लिहून दिलेस.' जादा कामाचे आणि रजेचे मिळून २,७०० रुपये होते. सरकारी कचेरीत गेलो, तिथल्या साहेबांनी कागद पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. 'यात तर पैसे पोचले आहेत,' ते म्हणाले. त्यांचा राग मला तेव्हा आला, आज येत नाही. कागद तेच सांगत होता. मी 'मिळायचे आहे' वाचले होते, कागदावर 'मिळाले आहे' होते. एवढ्याच फरकात माझी मजुरी बुडाली.

त्या काळी आमच्या वस्तीजवळ एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांनी आपले नाव कोठे घेऊ नये असे बजावले होते, म्हणून घेत नाही. मी त्यांच्याकडे गेलो आणि तो कागद तोंडपाठ म्हणून दाखवला. ते म्हणाले, 'अरे, इंग्रजी राहू दे बाजूला. मला मराठीत सांग. मी तुझ्याकडून शंभर रुपये घेतले, आणि मी तुझ्याकडून शंभर रुपये घेतले आहेत. यात फरक काय?'

मी विचार केला. म्हटले, 'गुरुजी, पहिल्यात नुसती घडलेली गोष्ट आहे. पैसे तुम्ही फेडलेही असतील. दुसऱ्यात ते अजून तुमच्याकडे आहेत असे वाटते.'

'झाले तर!' ते म्हणाले. 'हाच पूर्ण वर्तमानकाळ. गोष्ट मागे घडली, पण तिचा परिणाम आज हातात आहे. नाव ऐकून माणूस गोंधळतो. पूर्ण झालेले वर्तमान कसे? तर ते असे. घेणे पूर्ण झाले, देणे वर्तमान आहे.'

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. इंग्रजीत या 'हॅव'च्या वाक्यात संपून गेलेली तारीख बसत नाही. 'आय हॅव रिसीव्ह्ड द मनी ऑन थर्ड मे' हे इंग्रजी चुकीचे आहे. तारीख आली की 'हॅव' गेले पाहिजे आणि साधा भूतकाळ आला पाहिजे : 'आय रिसीव्ह्ड द मनी ऑन थर्ड मे.' गुरुजी म्हणाले, 'आता कळले तुझ्या कागदावर तारीख का नव्हती? पैसे मिळाले आहेत. केव्हा, किती, कोणाच्या हातून, हे सांगण्याची त्या वाक्याला गरजच नाही. यापुढे पावतीवर सही करताना तारीख आणि रक्कम माग. तारीख घातली म्हणजे खोटे बोलणे कठीण होते.' हा नियम मी पुढे आमच्या युनियनमध्ये हजारो वेळा सांगितला असेल. व्याकरणाचा नियम म्हणून तो कोणी ऐकला नसता.

गुरुजींनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. अट एकच घातली : रोज कामावरून एक वाक्य घेऊन यायचे, मराठीत. रद्दीतून मी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मिळवली होती, तीही बरोबर न्यायचो. एके दिवशी मी वाक्य नेले, 'प्रेसमधून तेल गळते.' त्या एका वाक्यावर आम्ही चार संध्याकाळी घालवल्या, आणि इंग्रजीचे चारही वर्तमानकाळ त्यातून बाहेर आले. ते आपल्याला तसेच सांगतो.

पहिले वाक्य : 'द मशीन लीक्स.' यंत्रातून तेल गळते. म्हणजे ते नेहमीच गळते. त्याची खोडच आहे. या क्षणी गळत असेल किंवा नसेल. हा साधा वर्तमानकाळ. सूर्य पूर्वेला उगवतो, गाडी सहाला सुटते, मी कारखान्यात काम करतो, ही सगळी याच घरातली वाक्ये.

दुसरे : 'द मशीन इज लीकिंग.' तेल गळते आहे. आत्ता, या क्षणी, माझ्या डोळ्यांदेखत. काल गळत नव्हते, दुरुस्त केले तर उद्या गळणार नाही. हा चालू वर्तमानकाळ. यात तात्पुरतेपणाचा वास असतो, हे ध्यानात ठेवा.

तिसरे : 'द मशीन हॅज लीक्ड.' तेल गळले आहे. आत्ता गळत नसेलही, परंतु जमिनीवर थारोळे आहे.

चौथे : 'द मशीन हॅज बीन लीकिंग सिन्स मॉर्निंग.' सकाळपासून गळते आहे. सुरुवात मागे झाली, मधला सगळा वेळ ते गळत राहिले, आणि अजून थांबलेले नाही.

आता कारखान्यातल्या माणसाच्या दृष्टीने पाहा. गळते, असे ऐकले तर दुरुस्तीच्या यादीत नोंद करायची. गळते आहे, असे ऐकले तर धावत जाऊन झडप बंद करायची. गळले आहे, असे ऐकले तर आधी जमिनीवर भुसा टाकायचा, नाहीतर कोणाचा तरी पाय घसरून हात यंत्रात जाईल. आणि सकाळपासून गळते आहे, असे ऐकले तर पहिल्या पाळीच्या माणसाला विचारायचे की, बाबा, तू सांगितले का नाहीस? यंत्र एक, तेल एक, परंतु चार वाक्यांना चार निरनिराळी कामे. पाळी बदलताना वहीत यातले कोणते वाक्य लिहिले जाते, यावर पुढच्या पाळीच्या माणसाची बोटे अवलंबून असतात.

आपण म्हणाल, हे एवढे सोपे असेल तर आपली शिकलेली मुलेसुद्धा यात का चुकतात? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण मुलांच्या बुद्धीत नाही, दोन भाषांच्या सवयींत आहे. आपण चुकतो ते मराठीला धरून चुकतो. म्हणून चूक कोठे होणार हे आधीच सांगता येते.

पहिली सवय 'आहे'ची. 'मला माहीत आहे' याचे आपण करतो, 'आय ॲम नोइंग'. 'मला दोन मुले आहेत' याचे करतो, 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन'. शेवटी 'आहे' दिसले की आपण 'ॲम' आणि 'इंग' जोडतो. परंतु माहीत असणे हे काही चालू काम नव्हे. ते सुरू करून, थोडा वेळ चालवून, जेवणाच्या सुट्टीत थांबवता येत नाही. तसेच मुले असणे. म्हणून इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ वापरते, 'आय नो', 'आय हॅव टू चिल्ड्रन'. मात्र 'आय ॲम हॅविंग लंच' चालते, कारण जेवण हे चालू काम आहे आणि ते संपते. हे सांगितल्यावर आमचा एक सोबती म्हणाला, 'म्हणजे मुले 'हॅविंग' नाहीत, ती कायमची आहेत!' त्याला पाच मुले होती. त्याला हा नियम पुन्हा सांगावा लागला नाही.

दुसरी सवय 'पासून'ची. 'सकाळपासून गळते आहे' आणि 'आत्ता गळते आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीचे क्रियापद एकच आहे. म्हणून आपण दोन्हीकडे 'इज लीकिंग' लिहितो. इंग्रजीत 'पासून' आले की मागचा काळ पाठीवर घ्यावा लागतो, 'हॅज बीन लीकिंग'. आणि 'पासून'चेही दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' : सिन्स १९९८. लांबी सांगायची असेल तर 'फॉर' : फॉर ट्वेंटी इयर्स. आपण 'वीस वर्षांपासून' म्हणतो, म्हणून 'सिन्स ट्वेंटी इयर्स' लिहून मोकळे होतो.

तिसरी सवय नकाराची, आणि ही सर्वांत फसवी. 'तो काम करतो' आणि 'तो काम करतो आहे' ही दोन वाक्ये आपण वेगळी ठेवतो. परंतु नकार दिला की दोन्हींचे बहुतेक वेळा एकच होते, 'तो काम करत नाही'. इंग्रजीत मात्र ती वेगळीच राहतात. 'ही डज नॉट वर्क' म्हणजे हा माणूस काम करतच नाही, आळशी आहे. 'ही इज नॉट वर्किंग' म्हणजे या वेळी तो काम करत नाही.

आमच्या एका सभासदावर आरोपपत्र आले होते. त्यात पहिले वाक्य होते. वस्तुतः तो घटकाभर बसून होता, कारण कच्चा मालच आलेला नव्हता. पर्यवेक्षक मराठी माणूस; त्याच्या मनात कदाचित दुसरे वाक्य असेल, हातून पहिले उतरले. आम्ही उत्तर लिहिले, 'ही वर्क्स. ॲट दॅट अवर ही वॉज नॉट वर्किंग, बिकॉज द मटेरियल हॅड नॉट कम.' तो काम करतो; त्या घटकेला करत नव्हता, कारण माल आला नव्हता. हे वाचून तिथल्या अधिकाऱ्याने आरोपपत्र मागे घेतले. तो अधिकारी सज्जन होता, हेही सांगितले पाहिजे. सगळेच तसे नसतात.

क्रियापदाच्या मागच्या 'स'बद्दलही दोन शब्द. आय वर्क, यू वर्क, पण ही वर्क्स. आपल्याला ही कटकट वाटते. पण आपलीही कटकट पाहा. आपण बाईला 'करते' म्हणतो, पुरुषाला 'करतो'. इंग्रजीत दोघांना एकच 'वर्क्स'. आमच्या रात्रीच्या वर्गातली एक कामगार भगिनी हे ऐकून म्हणाली, 'क्रियापद सारखे आहे, पगार तेवढा सारखा करून द्या.' समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला होता. तरी तिचे म्हणणे बरोबर होते.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार-कपातीपासून संरक्षण कोणाला होते? जो कामगार सलग सेवेत एक वर्ष 'हॅज बीन', त्याला. आणि वर्ष भरले हे कसे ठरवायचे? तर मागच्या बारा महिन्यांत त्याने निदान २४० दिवस प्रत्यक्ष काम केलेले असले पाहिजे, 'हॅज ॲक्चुअली वर्क्ड'. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही पाच वर्षांच्या सेवेसाठी तोच काळ, 'हॅज रेंडर्ड'. हे दोन्ही कायदे आता संहितांत गेले आहेत. २०१९ आणि २०२० साली मंजूर झालेल्या त्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांचे बरेवाईट हा निराळा विषय आहे, त्यासाठी मला पुन्हा बोलवा. पण कपातीच्या कलमातले 'हॅज बीन' जुन्या कायद्यातून नव्यात जसेच्या तसे आले आहे.

मी हे कलम प्रथम वाचले तेव्हा मला माझ्या चार वर्षांचा उलगडा झाला. दर सात महिन्यांनी कंत्राटदार आम्हाला पंधरा दिवस घरी बसवत असे. 'ब्रेक' म्हणत त्याला. आम्हाला वाटे, काम कमी असेल. तसे नव्हते. आमची सेवा सलग दिसू द्यायची नव्हती. आमच्याबद्दल 'ही इज वर्किंग' हे वाक्य त्याला चालत होते. कामगार आत्ता काम करतो आहे, तात्पुरता. 'ही हॅज वर्क्ड', या माणसाने काम केले आहे, त्याची बेरीज झाली आहे, हे वाक्य मात्र त्याला चालत नव्हते. मालकाला चालू वर्तमानकाळ आवडतो आणि कामगाराचा हक्क पूर्ण वर्तमानकाळात असतो. हे कोणत्याही व्याकरणात लिहिलेले नाही, पण माझा अनुभव असा आहे.

याच कारणासाठी करारनाम्याच्या वेळी मी पहिल्याने क्रियापद पाहतो. 'द मॅनेजमेंट इज कन्सिडरिंग द डिमांड', मागणीचा विचार चालू आहे. यात आपल्याला काहीच मिळालेले नाही. विचार वर्षानुवर्षे चालू राहू शकतो. 'द मॅनेजमेंट ॲग्रीज टू पे', हे बंधन आहे. इथे साधा वर्तमानकाळ सवय सांगत नाही, तो कृती करतो. ते शब्द लिहून सही केली की मान्य करणे घडले. 'आय रिझाइन' हेही तसेच. 'सध्या राजीनाम्याचा विचार करतो आहे' असा त्याचा अर्थ नाही, सही केली की राजीनामा झाला. आणि 'द मॅनेजमेंट हॅज पेड' असे असेल, तर पावती आणि तारीख पाहिल्याशिवाय पेन उचलायचे नाही.

आता एका सफाई कामगार भगिनीची हकीकत सांगतो. बारा वर्षे ती एकाच इमारतीत झाडलोट करीत होती. कंत्राटदार बदलले, बाई तीच. कायम करावे म्हणून तिने अर्ज लिहवून आणला. लिहिणाऱ्याने लिहिले होते, 'आय वॉज वर्किंग हिअर सिन्स ट्वेल्व्ह इयर्स.' मी तिला म्हटले, 'ताई, यातून असे निघते की तुम्ही इथे काम करीत होता. आता नाही.' ती घाबरली. म्हणाली, 'आत्ताच तर झाडून आले मी!'

आम्ही वाक्य बदलले : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर ट्वेल्व्ह इयर्स.' ती म्हणाली, 'मराठीत सांगा.' मी सांगू लागलो आणि मला थांबावे लागले. 'काम करते आहे' म्हटले तर बारा वर्षे निसटतात. 'काम केले आहे' म्हटले तर आजचा दिवस निसटतो. मग माझ्याच तोंडून निघाले, 'मी इथे बारा वर्षे काम करत आले आहे.' करत आले आहे! मागून चालत आजपर्यंत आले, आणि अजून वाटेवरच आहे. ज्या चौथ्या वर्तमानकाळासाठी मी महिनोन्महिने पाठांतर केले, तो माझ्या आईच्या बोलण्यात रोज होता.

तिने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिले आणि विचारले, 'भाऊ, मग या वाक्यात मी अजून कामावर आहे ना?' मी म्हटले, 'आहात.' मग तिने अंगठ्याऐवजी सही केली. सही ती आमच्याच वर्गात शिकली होती.

पुढे तिला कायम केले, ते या वाक्यामुळे केले असे मी म्हणणार नाही. तिच्याबरोबरच्या एकतीस बाया अकरा दिवस फाटकावर बसल्या, तेव्हा ते झाले. कोणताही न्यायाधीश नुसत्या एका क्रियापदावर निकाल देत नाही. हजेरीपट आणि साक्षीपुरावे पाहतो. परंतु आपला कागद आपल्याच विरुद्ध साक्ष देणार नाही, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे. माझ्या कागदाने १९९१ साली माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती.

यावरून इंग्रजी भाषा फार हुशार आणि आपली भोळी, असा अर्थ कोणी काढू नये. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. तेव्हापासून आपल्या विद्वानांनी मराठीच्या काळांचा कसून विचार केला आहे. आणि मराठीच्या गमती इंग्रजीला कोठे येतात? दारावर कोणी हाक मारली की आपण आतून ओरडतो, 'आलो, आलो!' अजून पाटावरून उठलेलोही नसतो. इंग्रज माणूस तिथे 'आय ॲम कमिंग' म्हणतो, येतो आहे. आपण येण्याआधीच येऊन पोचतो. 'मी पहाटे उठत असतो' यातले 'असतो' घ्या. साध्या 'उठतो'पेक्षा त्यात सवयीचा रंग गडद आहे. इंग्रजी साध्या वर्तमानकाळावरच भागवते. प्रत्येक भाषेने काळाचे वाटे आपापल्या सोयीने पाडले आहेत. दुसऱ्याच्या घरी जेवताना त्याची वाढण्याची रीत ओळखून घ्यावी, एवढेच.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मी ते दूध थोडे उशिरा आणि ताक करूनच प्यालो. तरी, ज्यांना शिकायचे आहे त्यांना माझ्या गुरुजींची पद्धत सांगतो. कोष्टके पाठ करण्याआधी वाक्याला चार प्रश्न विचारा. हे नेहमीचे आहे काय? हे आत्ता, तात्पुरते चालू आहे काय? हे होऊन गेले आणि त्याचा परिणाम आज आहे काय? की हे मागे सुरू होऊन अजून चालत आले आहे? उत्तर मराठीत द्या. मगच इंग्रजी क्रियापदाला हात लावा. आणि रोजचे वाक्य आपल्या कामातले घ्या. शिक्षकाने फळ्याचे घ्यावे, दुकानदाराने उधारीचे, गृहिणीने गॅसवरच्या दुधाचे. दूध उतू जाते, उतू जाते आहे, उतू गेले आहे, यातला फरक कोणत्या घरात कळत नाही? आणि कोणी 'आय ॲम नोइंग' म्हणाला तर हसू नका. त्याच्या मराठीची ती खूण आहे. त्याला फक्त कारण सांगा.

शेवटी एकच सांगून बसतो. मला बोलायला शिकवणाऱ्या एका तरुण मित्राने मध्यंतरी विचारले, १९८२ चा गिरणीसंप केव्हा मागे घेतला गेला? मी त्याला इंग्रजीत उत्तर दिले. साध्या भूतकाळात देता येईना, कारण त्याला तारीख लागते आणि तशी तारीखच नाही. हळूहळू माणसे कामावर गेली, गावी गेली, गिरण्या बंद झाल्या, जमिनीवर मनोरे उठले. पण संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झाली नाही. म्हणून मी म्हटले, 'द स्ट्राइक हॅज नेव्हर बीन कॉल्ड ऑफ.' संप आजवर मागे घेतला गेलेला नाही. माझे वडील आज हयात नाहीत. पण त्या वाक्यात ते अजून संपावर आहेत.